वाड्यांची यादी करायची, तर सुरुवात मालमत्ता पत्रकापासून

तुमचा प्रश्न असा आहे: वाईत तुमच्या आळीतला एक जुना वाडा या उन्हाळ्यात पाडला गेला. आणखी वाडे जाण्याआधी शहरातल्या जुन्या इमारतींची पाहणी करून नगरपालिकेला यादी द्यावी, असं तुम्हा सहा जणांच्या मनात आहे. त्यासाठी फॉर्म कुठला वापरायचा, किती इमारती घ्यायच्या, आर्किटेक्ट सोबत लागेलच का आणि ड्रोन भाड्याने घ्यावा का, हे तुम्ही विचारलंय.

मी वास्तू-संवर्धनाचं काम करते आणि गेल्या वीसेक वर्षांत अशा लहान शहरांमधल्या बऱ्याच पाहण्यांत होते. फॉर्मचं शेवटी बोलू, कारण त्यावर फारसं काही अडत नाही. त्याआधी एक गोष्ट ठरवा: ही यादी कोण उघडणार आणि कधी? मी पाहिलेल्या बहुतेक याद्या प्रसिद्ध झाल्या, त्यांचं कौतुक झालं आणि त्या कपाटात गेल्या. ज्या थोड्या कामाला आल्या त्या एकाच प्रसंगी आल्या. जुनं घर पाडून नवं बांधायच्या परवानगीचा अर्ज नगरपालिकेच्या बांधकाम विभागात येतो, त्या दिवशी. अर्ज कागदावर असो की संगणकावर, त्यावर सिटी सर्व्हे नंबर, म्हणजे शहराच्या मोजणीत त्या जागेला दिलेला क्रमांक, असतो. टेबलावरच्या माणसाकडे अशा अर्जांची रांग असते. तुमच्या यादीत ‘सरदारांचा वाडा, मारुतीच्या देवळामागे’ असं लिहिलेलं असेल, तर तो अर्ज आणि तुमची नोंद एकमेकांना कधीच भेटणार नाहीत. वाडा पडेल आणि तुमचा सुंदर फोटो उरेल.

म्हणून त्या टेबलापासून उलटं यायचं. पाहणीचा घटक ‘वाडा’ धरू नका, सिटी सर्व्हे नंबर धरा. नगर भूमापन कार्यालयातून तुमच्या आळ्यांचे नकाशे मिळवा, प्रत्येक घराला त्याचा नंबर लावा, आणि ज्या इमारती पुढे महत्त्वाच्या ठरतील त्यांची मालमत्ता पत्रकं, म्हणजे जागेच्या मालकांची नावं असलेले सरकारी उतारे, काढा. पत्रकावर नावं पाहून घाबरू नका. एका वाड्यावर वीस-बावीस नावं असणं अगदी नेहमीचं आहे. त्यातली काही माणसं हयात नसतात, काही पुण्या-मुंबईत किंवा परदेशात असतात, काहींना आपलं नाव तिथं आहे हेच माहीत नसतं. कधी एकाच वाड्याचे चार नंबर पडलेले असतात, कारण वाटण्या होऊन मधल्या चौकातच भिंत आली आहे. अशा वेळी तुमच्या नोंदीत चारही नंबर हवेत आणि ‘मूळ वास्तू एकच’ असा स्पष्ट शेराही हवा. तो नसेल तर चौथा हिस्सेदार आपला तुकडा सहज पाडून मोकळा होतो, आणि तुळया दोन्हीकडे सलग असल्याने उरलेले तीन हिस्से ढिले होतात.

दुसरा प्रश्न, किती इमारती. माझं उत्तर: पहिल्या फेरीत सगळ्या. हे ऐकून दडपण येईल, पण हिशेब करून पाहा. रस्त्यावरूनच नोंद करायची, आत जायचं नाही, एका घराला समोरचे दोन फोटो आणि चार ओळी. सवय झाल्यावर दोघांची जोडी दिवसाला पंचवीस-तीस घरं करते. तुमच्या तीन जोड्या झाल्या तर पाच-सहा रविवारांत चारेकशे घरं होतात. सगळी घरं घ्यायचं कारण असं की नुसते ‘चांगले’ वाडे निवडायला निघालात, की नजर आपोआप नक्षीच्या महिरपींवर आणि दिंडीदरवाज्यांवर जाते. वाईत नजर सगळ्यात आधी कुठे जाईल हे सांगायला नको. गणपतराव भिकाजी रास्त्यांनी १७६२ मध्ये बांधलेला ढोल्या गणपती, शेजारचं काशीविश्वेश्वराचं देऊळ, आणि नदीकाठाने थोडं वर गेलं की मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा. त्यांना तुमच्या यादीची गरज नाही, त्यांची ओळख कायम आहे. गरज आहे ती आळीतल्या दोन खणांच्या (खण म्हणजे दोन खांबांमधलं अंतर) घराला, ज्याचा ओटा, पडवी आणि पुढे आलेली वळचण शेजारच्या नऊ घरांशी मिळून एक गल्ली तयार करते. दहापैकी तीन गेली की गल्ली संपते, आणि तोवर एकही ‘वाडा’ पडलेला नसतो.

आळ्यांवरून आठवलं. वाई स्वतःला जशी विभागते तशीच पाहणी विभागा. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, भीमकुंड. कृष्णाबाईचा, म्हणजे कृष्णा नदीचा, उत्सव याच आळ्यांच्या हिशेबाने घाटाघाटावर बसतो, माणसं एकमेकांना आळीच्या नावाने ओळखतात, आणि कुणाच्या घराची चावी कुणाकडे आहे हे आळीतच कळतं. प्रत्येक जोडीत एक जण त्या आळीचा हवा. उत्सवाचे दिवस सोडू नका. बाहेरगावी गेलेले हिस्सेदार एरवी फोन उचलत नाहीत, पण आपल्या आळीच्या उत्सवाला येतात. एकाच पंगतीत तीन चुलत भाऊ भेटले, की वर्षभराचा पत्रव्यवहार वाचतो. आणि प्रत्येक जोडीत एक बाई असेल तर फार बरं. पुढे आत जाल तेव्हा माजघर, देवघर, स्वयंपाकघर या खोल्या अनोळखी पुरुषांना सहसा ओसरीवरूनच दाखवल्या जातात, आणि जुन्या घराचं खरं वय बऱ्याचदा तिथंच सापडतं.

वयाबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण नवख्या पाहणीत सगळ्यात जास्त चुका इथे होतात. मालक सांगतात, ‘वाडा अडीचशे वर्षांचा आहे.’ ते खोटं बोलत नसतात. जोतं अडीचशे वर्षांचं असू शकतं, त्यावरच्या भिंती दीडशे वर्षांच्या आणि छप्पर साठ वर्षांचं. म्हणून एकच वय लिहू नका, भागाभागाचं लिहा आणि प्रत्येकाला पुरावा जोडा. मंगलोरी कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशनने मंगळुरात १८६५ मध्ये काढला, तेव्हा मंगलोरी कौलांचं छप्पर त्याआधीचं नक्कीच नाही. पण म्हणून वाडाही त्यानंतरचा ठरत नाही, कारण जुनी नळीची कौलं उतरवून ही घातली गेली. पडवीत एखादं सुटं कौल पडलेलं असतं, ते उलटं करून कारखान्याचा छाप वाचा. माळ्याखाली लोखंडी गर्डर दिसला तर त्यावरही कारखान्याचं नाव उठवलेलं असतं; रंगाच्या थरांखाली बोटाने चाचपलं तरी कळतं. आपल्या देशात सिमेंट नियमित तयार व्हायला लागलं ते १९१४ मध्ये पोरबंदरला, त्यामुळे सिमेंटचं काम दिसलं की ते बहुधा नंतरचं समजा. लाकडाकडे नीट पाहा. दगडी तळखड्यावरचा (खांबाखालच्या बैठकीवरचा) सुरूदार, म्हणजे सुरूच्या झाडासारखा निमुळता खांब, त्यावरचे हस्त (तुळईला आधार देणारे लाकडी बाहू), त्यांना जोडणारी केळफुलाची महिरप हे सगळं एका हाताचं आहे की एखादा खांब दुसऱ्या घरातून आणून बसवलाय? जुना सागवान फेकत नसत, पुन्हा वापरत. तुळईला उपयोग नसलेली खाच दिसली तर ती तुळई आधी दुसरीकडे होती असं समजायला हरकत नाही.

तुमच्या जिल्ह्यात आणखी एक प्रश्न प्रत्येक घरात विचाराच: ‘कोयनेच्या भूकंपात काय झालं होतं?’ ११ डिसेंबर १९६७ ची ती पहाट आठवणारी माणसं आता सत्तरीच्या आसपास किंवा पुढे आहेत. कुठली भिंत उतरवली, कुठला मजला कमी केला, कुठे लोखंडी सळी घालून भिंत आवळली, हे ती बोट दाखवून सांगतात. कागदावर हे कुठेच नसतं. महापुराचंही तसंच. पाणी कुठवर आलं होतं हे भिंतीवर हात ठेवून दाखवायला सांगा आणि तिथे टेप लावून जोत्यापासूनची उंची लिहा. ज्या गावात ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत पुराचं पाणी दुभंगावं म्हणून माशाच्या आकाराची निमुळती बांधली गेली, त्या गावातल्या घरांनीही पाण्याचा काहीतरी विचार केलेला असणार. उंच जोतं, वरच्या मजल्यावरचं धान्य, खाली पक्का दगड आणि वर विटा किंवा पांढरी माती, असं काही दिसलं तर ते नोंदवा. नक्षीइतकंच हेही मोलाचं आहे.

दुसऱ्या फेरीत आत जायचं. पहिल्या फेरीतल्या चारशेतून साठ-सत्तर घरं निघतील. एका वाड्याला दीड ते दोन तास धरा. आधी बसा, चहा घ्या, वही बंद ठेवा. मग दिंडीपासून सुरुवात करून देवडी (दरवाज्यालगतची पहाऱ्याची जागा), चौक, सोपा (चौकाकडे उघडी ओसरी), माजघर, मागचं परसू या क्रमाने चाला आणि साधा रेखानकाशा काढा. मापं खणात लिहा, आणि एका खणाचं माप फुटांत घ्या. नकाशा आपोआप प्रमाणात येतो.

इथं एक सूचना फार महत्त्वाची आहे. नुकसानीच्या रकान्यात ‘धोकादायक’, ‘मोडकळीला आलेली’ असे शब्द लिहू नका. हे वर्णन नाही, हा कायद्याचा शब्द आहे. दर पावसाळ्याआधी नगरपालिका धोकादायक इमारतींना नोटिसा काढते, आणि ज्याला भाडेकरू काढायचेत किंवा प्लॉट मोकळा करायचाय त्याला तुमचाच फॉर्म पुरावा म्हणून हवा असतो. एका शहरात माझ्या हाताखालच्या मुलाने उत्साहाने ‘अत्यंत धोकादायक’ असं लिहिलं, आणि त्या पानाची झेरॉक्स पुढच्या वर्षी वाडा उतरवायच्या फाइलीत लागली. तेव्हापासून मी फक्त जे मोजलं तेच लिहू देते. ‘उत्तरेची भिंत ओळंब्याबाहेर दोन इंच.’ ‘जिन्यावरची तुळई भिंतीत शिरते तिथे कुजलेली, पेचकस दीड इंच आत गेला.’ ‘भेग, लांबी चार फूट, दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण, तारीख लिहिली.’ पुढच्या भेटीत भेग खुणेच्या पलीकडे गेली नसेल, तर ती कदाचित पन्नास वर्षांपूर्वीची आहे आणि घाबरण्याचं कारण नाही. अर्थात, खरोखरच माथ्यावर येईल असं काही दिसलं, तर नोंदीच्या शब्दांची वाट पाहू नका. त्याच क्षणी घरच्यांना सांगा आणि ती खोली वापरू देऊ नका. माणूस आधी.

नुकसान लिहिताना कारणही शोधा, आणि दहापैकी आठ वेळा कारण पाणी असतं. फुटलेलं कौल, तुंबलेली पन्हळ, वरच्या मजल्यावर भाडेकरूंसाठी नंतर काढलेली मोरी. आणि एक कारण लोक विसरतात: रस्ता. डांबरावर डांबर, त्यावर काँक्रीट असं करत रस्ता वर आला आणि जोत्याच्या पायऱ्या गाडल्या गेल्या. ओट्याला आज किती पायऱ्या आहेत आणि पूर्वी किती होत्या, हे विचारा. पाच होत्या आणि आज दोन उरल्या असतील, तर पावसाचं पाणी आता भिंतीच्या पोटात जातंय. त्यावर मालकाने ओल लपवायला सिमेंटचं प्लास्टर केलेलं असतं. पांढऱ्या मातीची किंवा चुन्यातली भिंत पाणी ओढते आणि बाहेर सोडतेही. सिमेंटने तिची बाहेर सोडायची वाट बंद होते. मग ओल आणखी वर चढते, लोणा (भिंतीतले पांढरे क्षार) फुटतो आणि दोन-तीन पावसाळ्यांत प्लास्टर आतल्या भिंतीची खपली घेऊन सुटतं. मालकाला हे समजावून सांगायला तिथेच दहा मिनिटं द्या. तुमच्या पाहणीतून त्याला मिळालेली ही पहिली उपयोगाची गोष्ट असेल.

इथून मी त्या विषयाकडे येते ज्याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. सुरुवातीच्या काळात एका शहरात आम्ही अडतीस इमारतींची देखणी यादी केली आणि समारंभपूर्वक नगरपालिकेला दिली. वर्तमानपत्रात बातमी आली. मालकांना कुणीच काही सांगितलं नव्हतं. त्यांना ते बातमीतून कळलं, आणि त्यांनी वाचलं ते असं की सरकार आपला वाडा घेणार. दोन महिन्यांत त्यातल्या एका कुटुंबाने चौकाची मागची बाजू उतरवून टाकली. तोंडाने बोलून दाखवत नव्हते, पण हेतू उघड होता: यादी कायम होण्याआधी मोकळं व्हावं. त्या वाड्याचा सोपा त्या शहरातला सगळ्यात सुंदर होता. आमची यादी झाली नसती तर तो कदाचित आणखी वीस वर्षं उभा राहिला असता. ही गोष्ट मी प्रत्येक नव्या गटाला सांगते.

म्हणून मालकाच्या हातात त्याच्या घराची नोंद पडल्याशिवाय ती कुणालाच देऊ नका. त्याला रेखानकाशाची प्रत द्या, फोटो द्या. घरात मोडी कागद असतील तर तिथेच ओट्यावर उजेडात फोटो काढून परत द्या. एकही कागद घरी नेऊ नका. आणि त्याचे प्रश्न खरे आहेत हे मान्य करा. महिना पन्नास रुपये भाडं देणारे चार भाडेकरू, दरवर्षी कौलं चाळायचा (उतरवून पुन्हा नीट लावायचा) खर्च, वीस सह्यांशिवाय न मिळणारं कर्ज, या सगळ्यात वाडा टिकवा म्हणणं सोपं आहे. वारसा इमारतीच्या बदल्यात टीडीआर, म्हणजे तिथे न वापरता येणारा बांधकामाचा हक्क दुसऱ्याला विकायची मुभा, मिळण्याची तरतूद नियमांत आहे, पण ज्या गावात तो विकत घेणारा बिल्डरच नाही तिथे त्याची स्वप्नं दाखवू नका. त्यापेक्षा कौलं चाळणारा, चुन्याचं काम येणारा, तुळईचं कुजलेलं टोक कापून नवा सांधा देणारा सुतार कुठे मिळतो, ही माहिती गोळा करा. असे कारागीर तालुक्यात चार-पाचच उरले असतील. त्यांची यादी इमारतींच्या यादीइतकीच जपून ठेवा.

परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टीही सांगते. एखादी इमारत केंद्राच्या संरक्षित स्मारकाजवळ असेल तर १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि पुढच्या २०० मीटरपर्यंत परवानगी लागते. तिथलं गणितच वेगळं. राज्य संरक्षित स्मारकांसाठी १९६० चा वेगळा कायदा आहे. या दोन्हींत न बसणाऱ्या इमारती, म्हणजे तुमच्या जवळजवळ सगळ्याच, नगररचनेच्या वाटेने जातात. १९६६ च्या नगररचना कायद्यात विकास आराखड्यात वारसा इमारतींचा विचार करायची सोय आहे आणि २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत त्यांच्यासाठी तरतुदी आहेत. मुंबईने १९९५ मध्ये हे सुरू केलं तेव्हाची तीन श्रेणींची पद्धत अजून चालते: पहिलीत जवळपास हात लावायचा नाही, दुसरीत आत जपून बदल, तिसरीत मुख्यतः रस्त्याचं रूप सांभाळायचं. तुमच्या शहराचा आराखडा सुधारित होत असेल तर घाई करा, कारण हरकती-सूचनांना मोजकेच दिवस मिळतात. तसं काही चालू नसेल तर घाई करू नका, वर्ष लागू द्या. शासनाने मंजूर केलेली नसेल तोवर तुमची यादी कुणालाही बांधून ठेवत नाही. तरीही ती त्या टेबलावर असेल, तर निदान कुणीतरी तुम्हाला फोन करतं आणि मालकाशी बोलायला आठवडाभर मिळतो. तेवढ्यावर वाचलेले वाडे मी पाहिलेत.

श्रेणी मात्र तुम्ही देऊ नका, आणि आर्किटेक्टची गरज इथं येते. पहिली फेरी तुम्ही सहाजण माझ्यासारखीशिवाय उत्तम कराल, कदाचित आमच्याहून चांगली. दुसऱ्या फेरीतल्या साठेक घरांपैकी वीसेक घरं एखाद्या संवर्धन वास्तुविशारदाला दाखवा आणि श्रेणीची शिफारस त्याच्याकडून घ्या. वारसा जपण्याचं काम करणाऱ्या इन्टॅकसारख्या संस्थेच्या जवळच्या शाखेकडे विचारा, आर्किटेक्चर कॉलेजांनाही विद्यार्थ्यांसाठी असं काम हवंच असतं. फक्त विद्यार्थी येऊन नकाशे काढून गेले आणि ते कॉलेजातच राहिले, असं होऊ देऊ नका; प्रत आधी ठरवून घ्या.

फॉर्म एका पानाचा ठेवा. वर सिटी सर्व्हे नंबर मोठ्या अक्षरात, आळी, बोलायला तयार असलेल्या घरातल्या माणसाचं नाव. मग भागाभागाचं वय आणि पुरावा, साहित्य, आज वापर काय, पाण्याच्या वाटा, मोजलेलं नुकसान, आणि खाली ‘ही इमारत गेली तर गल्लीतून काय जाईल’ यासाठी तीन मोकळ्या ओळी. महत्त्व आणि अवस्था हे रकाने वेगळे ठेवा, नाहीतर अवस्था वाईट म्हणून महत्त्वही कमी लिहिलं जातं. आतले फोटो, नक्षीचे खांब, देवघरातल्या मूर्ती यातलं काहीही कुठे जाहीर टाकू नका. जुनं लाकूड विकत घेणारे अशा याद्यांच्या मागावर असतात, आणि कुलूपबंद वाड्यातले खांब एका रात्रीत जातात.

ड्रोनचे पैसे वाचवा. वरून कौलं दिसतात, पण तुळईचं कुजलेलं टोक दिसत नाही, आणि डोक्यावर यंत्र फिरलं की आळीत पहिली शंका जमीन मोजणीची येते. त्याऐवजी ओळंबा, पंधरा फुटी टेप, चांगली बॅटरी, पेचकस, पेन्सिल आणि वहीला बांधलेला सिटी सर्व्हेचा नकाशा एवढं घ्या, आणि जिथे वाडा पडला त्या आळीपासून सुरुवात करा. तिथली माणसं आत्ता बोलतील.